पाटावर बसलेला लॅपटॉप

लॅपटॉप खोक्यातून बाहेर निघाल्याबरोबर नवरा म्हणाला, हा लॅपटॉप नाही, लादी आहे. त्याने तो दोन्ही हातांनी तोलून पाहिला आणि मला मांडीवर ठेवून दाखव म्हणाला. मी ठेवला. सुरू केल्यावर थोड्याच वेळात मांडी भाजायला लागली, पण मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. हट्ट माझा होता, निवड माझी होती, तेव्हा चटकाही मीच सोसायला हवा होता.

आम्ही ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या तळवलीत राहतो, सासरच्या गावातल्या घरात. घर म्हणजे एकावर एक चढवलेले मजले. खाली भाडेकरू, मधे आम्ही, वर पुन्हा भाडेकरू. जागा आहे, पण टेबल मांडून कायमचं बसता येईल असा कोपरा नाही. पुढच्या खोलीत सकाळी सासूबाईंची भाजी निवडली जाते, दुपारी माझी दोन वर्षांची मुलगी झोपते, संध्याकाळी कुणी ना कुणी येऊन बसतं. आणि माझं काम असं, की त्याला कोपरा हवाच. मी कारखान्यांच्या पाइपांची थ्रीडी मॉडेलं करते. कुठला पाइप कुठून निघतो, कुठल्या टाकीला वळसा घालतो, कुठे दुसऱ्याला आडवा येतो, हे सगळं कारखाना बांधायच्या आधी पडद्यावर उभं करून दाखवायचं. साध्या लॅपटॉपवर असलं मॉडेल उघडतच नाही, आणि उघडलंच तर हलत नाही. त्याला डेस्कटॉप लागतो, आणि डेस्कटॉपला जागा. म्हणून मी डेस्कटॉपच्या ताकदीचा हा अठरा इंची लॅपटॉप घेतला. सकाळी आतल्या खोलीत, दुपारी पुढच्या खोलीत, पाहुणे आले की स्वयंपाकघरात ओट्याशेजारी, असं माझं ऑफिस घरभर फिरायला लागलं.

त्याचे गुण मी सगळ्यांना सांगत सुटायचे. पडदा एवढा मोठा, की अख्ख्या कारखान्याचा मजला एका वेळी दिसायचा. आकड्यांची वेगळी पट्टी होती, त्यामुळे मापं टाकताना हात अडखळायचा नाही. पाइपांचं जंगल कितीही दाट असलं तरी मॉडेल लोण्यासारखं फिरायचं. दोष मात्र मी गुपचूप गिळायचे. तो कुठल्याही बॅगेत मावत नव्हता. त्याचा चार्जर म्हणजे विटेचा धाकटा भाऊ. बॅटरी नावाला, लाइट गेली की आधी त्याचा वेग जायचा, मग तोच. आणि जोरात काम सुरू झालं की त्याचे दोन पंखे असे घोंघवायचे की पलीकडच्या खोलीत झोपलेली मुलगी कूस बदलायची. नवरा म्हणायचा, याला धड लॅपटॉप म्हणता येत नाही आणि धड डेस्कटॉपही म्हणता येत नाही. मी म्हणायचे, मीही तुझ्या आईच्या लेखी धड नोकरदार नाही आणि धड रिकामीही नाही, तरी चाललंय ना.

हे मी हसत म्हणायचे, पण आत ते टोचत होतं. सासूबाई मला काम करणारी बाई समजतच नव्हत्या. त्या स्वतः कितीतरी वर्षं पहाटे एपीएमसी मार्केटला जाऊन भाजी आणतात आणि घणसोलीत नाक्यावर बसून विकतात. त्यांच्या लेखी काम म्हणजे घराबाहेर पडणं, ओझं उचलणं आणि ऊन खाणं. मी पंख्याखाली बसून बोटं हलवते ते काम कसलं? शेजारची कुणी विचारायला आली, सून काय करते, तर त्या सांगायच्या, घरीच असते. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटायचं, आणि म्हणूनच मला जास्त लागायचं.

त्या वर्षी पावसाळा सरताना आमच्या कंपनीत नवीन साहेब आले. त्यांनी आल्या आल्या फतवा काढला, सगळ्यांनी मुंबईच्या ऑफिसात येऊन बसायचं. मी फोनवर बरीच विनवणी केली. मुलगी लहान आहे, सासूबाई सकाळी मार्केटला असतात, नवरा उरणला कंटेनर यार्डात पाळीने जातो, मुलीला सांभाळायला दुसरं कुणी नाही. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की त्यांची अडचण माझी मुलगी नाही, माझा लॅपटॉप आहे. घरच्या लॅपटॉपवर एवढं मोठं मॉडेल चालतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. शेवटी असं ठरलं, की परदेशातल्या ग्राहकासमोर नव्या कारखान्याचं सगळं मॉडेल मी घरूनच फिरवून दाखवायचं. न अडखळता झालं तर मी घरून काम करायचं. अडखळलं तर ऑफिसात यायचं, आणि ते जमणार नसेल तर राजीनामा द्यायचा. ग्राहकाने दिवस दिला तो नेमका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, सकाळचा.

ऑफिसात जाणं मला जमणार नव्हतं. म्हणजे नोकरीच पणाला लागली होती. माझ्या जिवाला घोर लागला. ताटावर बसले तरी डोळ्यांसमोर पाइप यायचे. एका संध्याकाळी मी सराव करत होते. पुढच्या खोलीत जमिनीवर लॅपटॉप ठेवून मॉडेलमधून फिरत होते, तेवढ्यात सासूबाई गवारीची टोपली घेऊन शेजारी येऊन बसल्या. एरवी त्या माझ्या पडद्याकडे बघत नसत. आधीच्या छोट्या लॅपटॉपवर त्यांना नुसते दोरे दिसायचे. त्या दिवशी मोठ्या पडद्यावर पिवळे, निळे, लाल पाइप, त्यांचे व्हॉल्व्ह, वळणावरचे जोड, सगळं स्पष्ट दिसत होतं. गवार मोडता मोडता त्यांचा हात थांबला.

"ह्या नल्या कंच्या?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, केमिकलच्या कारखान्यातल्या. मग त्यांना मी आत नेलं, म्हणजे मॉडेलमध्ये. जिन्यावरून वर, टाकीच्या मागून, दोन पाइपांच्या मधून. एका जोडापाशी त्यांनी मला थांबवलं आणि पडद्यावर बोट टेकवलं. माझे सासरे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या केमिकल कारखान्यात फिटर होते. गावची जमीन औद्योगिक वसाहतीत गेल्यावर त्यांना ती नोकरी लागली होती. मी लग्न होऊन येण्याआधीच ते गेले. सासूबाई बोट न उचलता म्हणाल्या, "तुजे सासऱ्याचा पन ह्याच काम व्हता." आणि पुन्हा गवार मोडायला लागल्या. मला वाटलं, विषय संपला.

दसऱ्याच्या सकाळी मी पुऱ्या लाटत होते. आमच्याकडे दसऱ्याला पाटावर हत्यारं मांडून पूजा होते. शेत गेलं तरी शेतातला कोयता आणि विळा अजून पाटावर येतो. त्याशेजारी सासूबाईंचा तराजू आणि सासऱ्यांचे पाने, हातोडी, स्क्रू-ड्रायव्हरचा डबा. सासरे गेल्यावरही त्यांच्या हत्यारांची पूजा एकदाही चुकली नाही. पूजेला हात जोडायला म्हणून मी पुढच्या खोलीत आले आणि जागच्या जागी थांबले. तराजू आणि पाना यांच्या मधे, दुसऱ्या एका पाटावर, माझा लॅपटॉप बसला होता. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल. आणि खाली, कलशाखाली घालतात तशी तांदळाची रास. बाकीची हत्यारं नुसत्या पाटावर होती. आसन फक्त माझ्या लॅपटॉपला होतं.

सासूबाईंनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "पोटाला घालतंय ना? मंग पाटावर नको?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, चार वर्षांत मला त्या घरात एवढा आनंद कधी झाला नव्हता. घरीच असते म्हणणाऱ्या बाईने माझ्या कामाला सासऱ्यांच्या पान्याशेजारी बसवलं होतं. पण त्याच वेळी ते तांदूळ मला खुपले. लॅपटॉपच्या पोटाला हवा ओढून घ्यायच्या फटी असतात, आणि त्या फटी बरोबर तांदळावर टेकल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला आणि पुऱ्या तळायला गेले.

पूजेच्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत. मला तर सराव करायचा होता. दिवसभर मी त्या पाटाभोवती घिरट्या घातल्या. संध्याकाळी शेवटी धीर करून विचारलं. सासूबाई उठल्या, पाटावरच्या लॅपटॉपला हात लावून तो जरासा हलवला, म्हणजे त्याच्यापुरती पूजा सुटली, आणि म्हणाल्या, घे. बाकीची हत्यारं दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच राहायची होती. मी आतल्या खोलीत जाऊन लॅपटॉप उलटा केला, हलकेच झटकला. तांदळाचे दाणे लादीवर पडले. फटींतले दोन-चार सुईने काढले. कुंकू फडक्याने पुसलं. मॉडेल उघडून थोडंसं फिरवून पाहिलं, ठीक चाललं, आणि मी झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा उरणला गेला होता. मीटिंगमध्ये आवाज नको म्हणून मुलीला तेवढ्यापुरतं शेजारच्या वहिनींकडे सोडून आले. मीटिंगला अजून अवकाश होता, म्हणून सगळं मॉडेल एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरवू म्हटलं. मॉडेल निम्मं फिरलं, पंख्यांनी जोर धरला, आणि आतून कर्रर्र असा आवाज आला. मग टक्‌ टक्‌. मग एका बाजूचा पंखा गप्पच झाला. पाइप अडखळत सरकायला लागले. कीबोर्डवर हात ठेववेना. पाहता पाहता पडदा काळा झाला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा सुरू केला, तो तापलेलाच होता, पुन्हा बंद पडला. नवऱ्याला फोन लावला, तो यार्डात होता, उचलला नाही. घरात त्याचा जुना लॅपटॉप होता, पण त्यावर हे मॉडेल उघडणं शक्य नव्हतं. साहेबांना कळवावं, तर घरच्या लॅपटॉपवर चालत नाही हे त्यांचंच म्हणणं मी त्यांच्या हातात आयतं दिल्यासारखं होतं. एकच मार्ग होता, उघडून बघायचं. मी कधी तो उघडला नव्हता. साफसफाईचा एक व्हिडिओ पाहिला होता, तेवढंच माझं ज्ञान. आणि उघडायला लागणारा बारीक स्क्रू-ड्रायव्हर पाटावर होता, सासऱ्यांच्या डब्यात, पूजेत.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. तराजू अजून पूजेत होता म्हणून सासूबाई त्या दिवशी मार्केटला गेल्या नव्हत्या, चहा गाळत होत्या. मला त्यांना काहीही कळू द्यायचं नव्हतं. त्यांच्या तांदळाने लॅपटॉप बंद पडला हे कळलं तर त्या पुन्हा कधीच तो पाटावर ठेवणार नाहीत, अशी मला भीती वाटत होती. नोकरी जाईल ही एक भीती आणि ही दुसरी, दोन्ही एकदम मानगुटीवर बसल्या होत्या. मी एवढंच म्हणाले, "आई, बाबांचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर हवा होता."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. हात धुतले, पुढच्या खोलीत गेल्या, पाटावरचा डबा हलवला आणि उघडून माझ्यासमोर धरला. मुठीवर कुंकू लागलेला एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर मी उचलला. लॅपटॉप उलटा करून बसले तर त्याही समोर बसल्या. स्क्रू कितीतरी होते. एक स्क्रू निसटून लादीवर गेला, तो त्यांनी शोधून वाटीत टाकला. मग सगळे स्क्रू त्यांनी त्या वाटीतच ठेवायला लावले. मागचं झाकण निघेना, तेव्हा मी कडेत नख घातलं आणि ते मोडलं. शेवटी कट्‌ असा आवाज होऊन झाकण सुटलं.

उजव्या पंख्याच्या पात्यांमधे एक दाणा अडकला होता. अर्धा पिवळा, टोकाला कुंकू लागलेला. आत पडलेल्या आणखी एका दाण्याचे पात्याने तुटून दोन तुकडे झाले होते. पंख्याचं एक पातंही मोडलं होतं. मी चिमट्याने दाणे काढले आणि ते पटकन मुठीत बंद केले.

"काय व्हता?" त्यांनी विचारलं.

"कचरा," मी म्हणाले.

मी झाकण लावलं, त्यांनी वाटीतले स्क्रू एकेक करून माझ्या हातात दिले. लॅपटॉप सुरू झाला. उजवा पंखा फिरायला लागला, पण मोडक्या पात्यामुळे लंगडत, कमी वेगाने. मॉडेल उघडून फिरवलं तर थोड्या वेळाने कीबोर्ड पुन्हा तापायला लागला. मीटिंग लांब चालणार होती, आणि हा असा किती वेळ टिकेल याचा भरवसा नव्हता. टेबलफॅन लावावा तर त्याचा घरघराट थेट माइकमध्ये जाणार. मी कपाळाला हात लावून बसले. आता मला रडायला येत होतं आणि मी ते लपवत नव्हते.

सासूबाई उठून आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात चार पितळी वाट्या आणि धान्य पाखडायचं सूप होतं. त्यांनी वाट्या पाटावर पालथ्या घातल्या आणि मला लॅपटॉप उचलायला सांगितला. तो अवजड लॅपटॉप त्या चार वाट्यांवर अधांतरी बसला, खाली बोटभर मोकळी जागा राहिली. मग त्या पाटाच्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा जागी मांडी घालून बसल्या आणि सुपाने त्या जागेत वारा घालायला लागल्या. सुपाचा आवाज होत नव्हता.

मीटिंग सुरू झाली. साहेब होते, परदेशातली माणसं होती. मी बोलायला लागले. मी त्यांना कारखान्याच्या फाटकातून आत नेलं, टाक्यांच्या मधून, जिन्यावरून वर. बोलताना माझं अर्धं लक्ष कीबोर्डच्या चटक्याकडे होतं. चटका वाढतोय का? पाइप अडखळतोय का? एकदा मॉडेल क्षणभर थबकलं. सासूबाईंनी माझ्या चेहऱ्यावरून ते ओळखलं असावं, कारण सुपाचा वेग वाढला. मॉडेल पुन्हा सरकलं. ग्राहकाकडच्या बाईंनी एका जोडाबद्दल नेमका खोचक प्रश्न विचारला, मी पाइप फिरवून त्यांना मागची बाजू दाखवली, त्या पुढे चला म्हणाल्या. साहेबांनी मधेच विचारलं की तुम्ही हे सगळं घरच्याच लॅपटॉपवरून दाखवताय ना. मी हो म्हणाले.

सासूबाईंचा हात दुखत असणार. त्यांनी एका हातातून सूप दुसऱ्या हातात घेतलं, पुन्हा पहिल्या हातात घेतलं, पण वारा थांबला नाही. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि त्या एकटक पडद्याकडे बघत होत्या. मी इतका वेळ इंग्रजीत काय बोलत होते ते त्यांना कळत नव्हतं, पण मी बोलते, समोरचे ऐकतात, विचारतात आणि मी उत्तर देते, हे त्या पहिल्यांदा बघत होत्या. शेवटच्या टाकीपाशी पोचले तेव्हा मला शब्द सुचेना, म्हणून सरळ आभार मानून मोकळी झाले. साहेब म्हणाले, ठीक आहे, तुम्ही घरूनच करत जा. मी मीटिंग बंद केली आणि लॅपटॉपही.

"सुटला का तुजा काम?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि माझ्यापुढे हात पसरला. मला आधी कळलंच नाही. मग कळलं. झाकण लावण्याआधी मी मुठीतले दाणे ओढणीच्या टोकाला बांधून ठेवले होते, आणि ते त्यांनी पाहिलं होतं. मी गाठ सोडून दाणे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते नीट पाहिले, देवापुढच्या ताटलीत टाकले आणि स्वयंपाकाला लागल्या. संध्याकाळी नवरा आल्यावर मी लॅपटॉपमध्ये कचरा गेला होता असं सांगत होते, तर त्या आतून म्हणाल्या, "कचरा नाय. माजे तांदूल." एवढंच. नंतर तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही, आणि मीही काढला नाही. पंखा नवा बसवून घेतला.

पण मनातली भीती गेली नव्हती. वर्षभर त्या लॅपटॉपला त्यांनी हात लावला नाही. जमिनीवर असला तर वळसा घालून जायच्या. मुलगी जवळ गेली तर तिला उचलून घ्यायच्या. मला वाटत राहिलं, त्या दाण्यांनी सगळं पुन्हा पहिल्यासारखं करून टाकलं. पुढचा दसरा जवळ आला तसा माझा जीव टांगणीला लागला. साधी गोष्ट होती, पण मला ती नोकरीपेक्षा मोठी वाटत होती. आदल्या दिवशी मी लॅपटॉप मुद्दाम पुढच्या खोलीत, त्यांना दिसेल असा ठेवून दिला. विचारायची मात्र हिंमत झाली नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी ओट्याशी होते, आणि पुढच्या खोलीत शेजारची वयस्कर बाई झेंडूची फुलं मागायला आली होती. तिने पाटाकडे बघून विचारलेलं मला ऐकू आलं, वाट्या पालथ्या घालून त्यावर हे काय ठेवलंय, आणि एवढं आसन दिलंय तर याच्याखाली तांदूळ कसे नाहीत.

मी लाटणं हातात धरून तशीच उभी राहिले.

"माजे सुनेचा हत्यार हाय," सासूबाई म्हणाल्या. "खालून वारा लागतंय त्याला."

मग त्यांनी मला हाक मारली. मी पुढे गेले तर त्यांच्या हातात अक्षता होत्या. त्यांनी त्यातला एकही दाणा लॅपटॉपवर पडू दिला नाही. सगळ्या माझ्या डोक्यावर टाकल्या, लॅपटॉप हात लावून जरासा हलवला आणि म्हणाल्या, आता कामाला लाग, पुऱ्या मी तळते.